गार खोलीतल्या दोन खाटा

कुवेतमध्ये आमचा संसार मांडला गेला तो एका इंग्रज कंत्राटदार कंपनीच्या कॅम्पात. फिंतास आणि फहाहील यांच्यामधल्या किनाऱ्यावर ही कंपनी पाइपलाइनीची आणि धक्क्याची कामं करायची. आमचे हे तिथे स्टोअरकीपर होते. आम्ही दोघंही मूळ रत्नागिरीकडचे, खाडीकाठचे मुसलमान. आमच्या गावात पुरुष म्हणजे उन्हाळ्यात येणारा पाहुणा. कोणी बोटीवर, कोणी मुंबईच्या गोदीत, कोणी आफ्रिकेत. त्यामुळे नवरा परदेशात असतो याचं मला काही वाटलं नव्हतं. ह्यांनी मला बरोबर नेलं, याचंच गावाला नवल.

कॅम्प तीन ओळींत वसवलेला होता. वर उंचवट्यावर गोऱ्या साहेबांचे बंगले, आणि बंगल्यांपुढे हिरवळ. त्या हिरवळीला रोज टँकरचं गोडं पाणी घालायचे. मधे आमची क्वार्टर्स, दोन-दोन खोल्यांची. त्यात हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी कारकून, ड्राफ्ट्समन, हिशेबनीस आणि एक पुण्याचे इंजिनियर. रस्त्यापलीकडे खाली पत्र्याच्या बराकी. तिथे अरब, इराणी, बलुची मजूर आणि ड्रायव्हर. आम्ही सगळेच बोलताना वरची लाईन, मधली लाईन, खालची लाईन असं म्हणत असू. क्लब वरच्या लाईनीचा, पोहण्याचा किनारा वरच्या लाईनीचा. आठवड्यातून एकदा मधल्या लाईनीसाठी उघड्यावर हिंदी सिनेमा लावत. तो खालची लाईन भिंतीपलीकडून, ड्रमावर उभी राहून बघायची. याला कोणी भेदभाव म्हणत नव्हतं. ग्रेड म्हणत. आणि ग्रेड म्हटलं की ती गोष्ट शाळेतल्या इयत्तेसारखी वाटायची. अभ्यास केला की माणूस वर जाणार.

पण वर कोणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या इंजिनियरांकडे डिग्री होती. त्यांच्या वरच्या गोऱ्या माणसाकडे नव्हती. तरी ते आमच्या शेजारी राहत आणि त्यांचा साहेब हिरवळीवर. त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "आमचं आपलं एकच, डोळे मिटून काम करायचं. मेरिट असलं की लोक विचारतातच."

मी आले त्याच वर्षी सुवेझची लढाई पेटली. कुवेतभर लोक इंग्रजांवर खवळले. आमच्या कॅम्पात खालच्या लाईनीने काम बंद केलं. त्यांच्या मागण्यांत लढाईचा राग होता, तसंच प्यायच्या गार पाण्याचं आणि दवाखान्याचंही होतं. मधल्या लाईनीने दारं लावून घेतली. हे रोजच्यासारखे स्टोअरमध्ये जात राहिले. नंतर पुढे उभे राहून बोलणारे काही जण बराकीतून नाहीसे झाले. कामावरून काढले, ट्रकात घालून नेले, एवढंच ऐकलं. त्यानंतर आमच्या लाईनीत राजकारण हा शब्द हळू आवाजात उच्चारला जाऊ लागला.

पहिल्या खेपेला माझं मूल राहिलं नाही. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ह्यांना फार काळजी वाटायला लागली. गावाहून कोणी येणं शक्य नव्हतं. त्या सुमाराला ह्यांना कळलं की केप टाऊनची फुफू हजला येते आहे. ही फुफू म्हणजे ह्यांच्या वडिलांची चुलत बहीण. तिचे वडील कधीकाळी आमच्याच खाडीतून बोटीने आफ्रिकेच्या टोकाला जाऊन पोहोचले आणि तिथेच दुकान टाकून राहिले. फुफू तिकडेच जन्मली, तिकडेच शिकून दाई झाली. ह्यांनी मक्केत ओळखीच्या हाजींमार्फत निरोप धाडला, की हज झाल्यावर काही महिने आमच्याकडे ये, घरात बाळंतपण आहे. बाळंतपण म्हटल्यावर ती नाही म्हणाली नाही.

तो कुवेतच्या स्वातंत्र्याचा उन्हाळा. फुफू मक्के-मदिनेत असतानाच तिच्या देशाच्या गोऱ्या सरकारने इंग्लंडच्या राणीला सोडचिठ्ठी दिली. ती आमच्याकडे पोहोचली आणि थोड्याच दिवसांत कुवेतनेही इंग्रजांचा हात सोडला. फहाहीलच्या बाजारात मिठाई वाटली. फुफू म्हणाली, "दोघांनी एकच केला. पन इथं लोक हसताव, आमचे तिथं रडताव."

तिची बोली ऐकून मला माझी आजी आठवली. आमच्या कोकणी मुसलमानांच्या बोलीत ळ आणि ण नाहीत. पण गावात शाळेने ते थोडे तरी घुसवले होते. फुफूची बोली तिच्या बापाबरोबर बोटीत चढली तेव्हाची होती, जशीच्या तशी. हिंदी तिला अजिबात येत नव्हतं. तिला कोकणी यायची, इंग्रजी यायचं आणि तिकडच्या गोऱ्यांची डच वळणाची भाषा यायची. उंच, सडसडीत बाई. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, पायात पुरुषी बूट.

ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी माझ्या तपासणीसाठी तिला बरोबर घेऊन कॅम्पाच्या दवाखान्यात गेले. दवाखाना म्हणजे एक लांबट बैठी इमारत. तिला दोन दारं. फुफू अंगणातच थांबली आणि म्हणाली, "आपला दार कुठला, गो?"

मी हसले. "फुफू, इथे तसं काही नाही. ते डावीकडचं आपलं."

"मग उजवीकडचा कोनाचा?"

"सीनियर स्टाफचं."

"सीनियर म्हनजे गोरा?"

"तसं नाही. ग्रेड असते."

"एक तरी काला मानूस त्या दारातून गेला?"

मी आठवून पाहिलं. झाडणारा इराणी जायचा, एवढंच आठवलं.

"आमचे तिथं पाटीवर लिवलेला असते," फुफू म्हणाली. "बाकड्यावर, दारावर, समुद्रावर. वाचला की राग येते. इथं पाटी नाय, म्हनून तुमाला रागसुद्धा येत नाय." आणि ती डाव्या दाराने आत गेली.

इमारतीत उजवीकडे दोन खाटांची एक खोली होती. भिंतीत यंत्र बसवलेलं, त्यामुळे आत गारवा. डावीकडे पत्र्याच्या छताची लांब बराक आणि वर एक पंखा. मधे बोळ आणि बोळात दार. उन्हाळ्यात वरच्या लाईनीतल्या बायका मायदेशी जात. त्या वर्षी तर उत्तरेकडचा शेजारी देश हल्ला करणार अशा बातम्या होत्या, त्यामुळे राहिलेल्याही निघून गेल्या. गार खोलीतल्या दोन्ही खाटा रिकाम्या होत्या. यंत्र मात्र चालूच असायचं. बंद ठेवलं तर गंजतं म्हणे.

संध्याकाळी फुफू तांदूळ निवडत बसली की तिकडचं सांगायची. तिचं घर डोंगराच्या पायथ्याशी, शहरातच. गल्लीत सगळे मिसळलेले. मलायी, कोकणी, गुजराती, ख्रिश्चन, थोडे काळे. मग कायदा आला, की कुठल्या रंगाच्या माणसाने कुठे राहायचं ते सरकार ठरवणार. त्याआधीपासून काळ्या माणसांना खिशात पास बाळगावा लागायचा. पास नसला की तुरुंग.

"तवा आमी काय केला?" फुफू म्हणाली. "आमी म्हटला, पास आपल्याला नाय ना, मग गप बस. माझा मरद दुकानदार. तो म्हनायचा, आपन मधले लोक, मधे राहिलेला बरा. नंतर आमच्या गल्लीचा नंबर लागला. ही जागा गोऱ्यांची, तुमी उठा. तवा आमी बोंब मारली. पन तवर ज्यांनी साथ द्यायची ते सगले आत गेलेले."

तिचा एकुलता एक मुलगा मास्तर होता. काळ्या लोकांचा मोठा मोर्चा शहरात आला तेव्हा तो त्यात चालला. पकडला गेला, सुटला आणि सरहद्द ओलांडून उत्तरेकडे कुठेतरी निघून गेला. तो कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं. हे सांगताना तिचे हात तांदळातून खडे वेचत राहिले. मी उठून चहा ठेवला.

जुलैत कुवेतच्या रक्षणासाठी बोलावलेल्या इंग्रज सैनिकांचे ट्रक फिंतासच्या रस्त्याने धुरळा उडवत जायला लागले. त्याच दिवसांत शेजारच्या वहिनी बाळंत झाल्या. सकाळपासून तौज, म्हणजे इथली धुळीची वावटळ, सुटली होती. त्यामुळे बराकीच्या खिडक्या बंद. पत्रा तापलेला. फुफू आणि मी वहिनींच्या सोबतीला होतो. मल्याळी सिस्टर हुशार होती, बाळंतपण नीट झालं. पण दुपारपर्यंत बाळ निपचित पडलं. अंग तव्यासारखं तापलं. तोंडात दूध घातलं की बाहेर यायचं. वहिनींना तर शुद्धच नीट नव्हती.

फुफूने बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि सिस्टरला इंग्रजीत म्हणाली, "याला ताप नाही, हे उष्म्याने चाललंय. गार खोली उघडा."

"मला अधिकार नाही," सिस्टर म्हणाली. ती घाबरली होती. "डॉक्टर साइटवर गेलेत."

"किल्ली कुठे आहे?"

"किल्ली नाही. दार उघडंच असतं."

दाराला कुलूप नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. आमच्यापैकी कोणी ते ढकललंच नव्हतं. फुफूने बाळ माझ्या हातात दिलं, खाटेच्या चाकांवरची कळ पायाने सोडली आणि वहिनींची खाट बोळातून ढकलायला लागली. सिस्टर म्हणाली, "माझी नोकरी जाईल." फुफू म्हणाली, "मी केलं असं सांग. मी कुणाची नोकर नाही." मग ती सिस्टरसुद्धा खाटेचं दुसरं टोक धरून चालू लागली.

गार खोलीत शिरल्यावर माझ्या अंगावर शहारा आला. इतका गारवा, भर दुपारी, कुणासाठीही नसलेला. ओल्या फडक्याने बाळाला पुसलं, वाऱ्यापासून बाजूला ठेवलं, थेंबथेंब पाणी दिलं. थोड्या वेळाने ते रडलं. फुफू खुर्चीवर बसली आणि आपले बूट काढून तिने पाय लांब केले.

डॉक्टर आले ते उन्हाने लाल झालेले, तरुण इंग्रज. वाईट माणूस नव्हता. त्यांनी आधी बाळ तपासलं, मग वहिनींना तपासलं, आणि मग विचारलं, "यांना इथे कोणी आणलं?"

"मी," फुफू म्हणाली.

तिचे उच्चार ऐकून त्यांनी चमकून पाहिलं. "तुम्ही केपच्या?"

"हो. म्हणून मला असली दारं ओळखता येतात."

बाळाला आज हलवू नका एवढं सिस्टरला सांगून डॉक्टर गेले.

दुसऱ्या दिवशी कॅम्प मॅनेजरने ह्यांना आणि इंजिनियरांना बोलावून घेतलं. हे परत आले तेव्हा चेहरा उतरलेला. खाली बसून त्यांनी बूट काढले, पुन्हा घातले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, वेळ गडबडीची आहे. देशात सैन्य आलंय. अशा वेळी कॅम्पात कोणी राजकारण केलं तर खपवून घेतलं जाणार नाही. इंजिनियरांच्या बाईंना आज दुपारी बराकीत परत न्यायचं. आणि फुफूबद्दल म्हणाले, पाहुणीने पाहुणीसारखं राहावं."

"आनि तू काय बोल्लास?" फुफूने विचारलं.

"मी काय बोलणार? राहण्याचा परवाना कंपनीच्या हातात आहे. उद्या काढलं तर हिला या अवस्थेत घेऊन कुठे जाऊ?"

फुफूने त्यांना टोचून काही म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुझा मी समजतंय, बाबा. तू कामाला जा. बायांना बघू दे."

मला वाटलं होतं ती भाषण करील. तिने तसं काही केलं नाही. ती लाईनीत दारोदार गेली आणि मला बोलायला बरोबर नेलं, कारण तिला हिंदी येत नव्हतं. प्रत्येक दारात ती एकच गोष्ट सांगायची आणि मी ती हिंदीत सांगायचे. बाळंतीण आहे, तिला उठवून तव्यावर नेऊन ठेवणार आहेत, आपण तिच्याजवळ जाऊन बसू. काही दारं आमच्या तोंडावर लागली. हैदराबादच्या हिशेबनिसाची बायको म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. पण बाळंतीण म्हटल्यावर ज्या बायका एरवी एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्याही निघाल्या. कोणी सुपारी घेतली, कोणी विणकाम, कोणी कडेवर मूल.

आम्ही बोळात गार खोलीच्या दारापुढे बसलो. घोषणा नाहीत, काही नाही. आम्ही बाळंतिणीला भेटायला आलो होतो. मॅनेजरचा माणूस दोन हमाल घेऊन आला. बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. तो इंग्रजीत म्हणाला, बाजूला व्हा. आम्ही सरकल्यासारखं केलं आणि पुन्हा तिथेच बसलो. हमाल खालच्या लाईनीतले होते. त्यांच्यातला एक म्हातारा अरब आमच्याकडे बघून हसला आणि बाहेर जाऊन सावलीत बसला.

इंजिनियरसाहेब दुपारी डबा घेऊन आले. बायकोपर्यंत पोहोचता येईना म्हणून बोळाच्या तोंडाशी उभे. मॅनेजरच्या माणसाने त्यांना म्हटलं, "तुम्ही सुशिक्षित आहात, यांना समजावा." ते बराच वेळ डब्याच्या कडीशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "माझं मूल आत आहे. मी काय समजावू?" मेरिटवर विश्वास असलेल्या त्या माणसाच्या तोंडून एवढं निघणं मला फार मोठं वाटलं.

आम्ही दिवे लागायच्या वेळेला घरी जात होतो आणि सकाळी पुन्हा येत होतो. वहिनी घरी जाण्याइतक्या बऱ्या होईपर्यंत हे चाललं. शेवटी डॉक्टरांनीच मॅनेजरला सांगितलं म्हणे, की वैद्यकीय बाबतीत तुम्ही पडू नका. मग नवा नियम निघाला. सीनियर स्टाफला गरज नसेल तेव्हा गार खोली मधल्या लाईनीच्या बायकांना मिळेल.

लाईनीत आनंद झाला. ह्यांनी फहाहीलच्या बाजारातून मोठी पापलेटं आणली. माझ्या हातचं कालवण सगळ्यांना दिलं. फुफू मात्र ताटातला भात नुसता चिवडत होती.

"आता काय राहिलं, फुफू?" ह्यांनी विचारलं. "मिळालं ना?"

"आपल्याला मिलाला," ती म्हणाली. "खालच्या लाईनीच्या बायांना?"

"तिकडे बायका आहेतच किती? चार-दोन ड्रायव्हरांच्या."

"मग चार-दोनांनी मरायचा?"

ह्यांना राग आला. ते क्वचितच रागवायचे. "फुफू, सगळं एका दिवसात होत नाही. आधी आपलं पक्कं होऊ दे. सगळ्यांना घेऊन गेलो असतो तर आपल्यालाही मिळालं नसतं."

"माझा मरद असाच बोलायचा," फुफू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. हे ताटावरून उठले.

मला दोघांचंही पटत होतं. आजही मी ह्यांना दोष देत नाही. परक्या मुलखात घरातल्या माणसाच्या पोटात मूल असताना शहाणपण आणि भीती वेगळी काढता येत नाही. पण त्या रात्रीपासून बोळातलं ते दार मला वेगळं दिसायला लागलं. ते आमच्यासाठी उघडलं होतं आणि आमच्याच मागे बंद झालं होतं.

माझे दिवस भरले ते ऑगस्टात. सकाळी कळा सुरू झाल्या आणि मला नव्या नियमाप्रमाणे गार खोलीत नेलं. दुसरी खाट रिकामी होती. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे बराकीतून एका बाईचं ओरडणं ऐकू यायला लागलं. सिस्टर म्हणाली, बलुची ड्रायव्हरची बायको आहे, पहिलटकरीण, अगदी कोवळी. फुफू माझी कंबर चोळायची, मग पलीकडे जायची, पुन्हा यायची. आली की तिच्या कपाळावर घाम आणि गेली की माझ्या पाठीवरचा हात गेलेला. ती मला काही म्हणाली नाही. विचारलंही नाही.

मीच सिस्टरला हिंदीत विचारलं, "सिस्टर, बाळंतिणीजवळ सोबतीला एक बाई ठेवता येते ना?"

"येते. तुमच्या फुफू आहेत की."

"फुफू दाई म्हणून आहेत. सोबतीला मला पलीकडची ती बाई हवी."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. तोंडावर हात धरून ती हसली आणि बराकीत गेली.

बलुची मुलगी भिंतीला धरत, एका बाजूने सासूला टेकत आली. दारात आली आणि थांबली. गारवा लागल्यावर ती घाबरली असावी. तिने मला तुटक उर्दूत विचारलं, "इथे आम्हाला रागावतील?"

"रागावले तर दोघींना रागावतील," मी म्हटलं. पुढे बोलता आलं नाही, मला कळ आली.

त्या दुपारचं बाकी मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तिची सासू कुराणातल्या आयती पुटपुटत होती. फुफू दोन खाटांच्या मधे उभी. तिची कोकणी बलुची मुलीला कळत नव्हती आणि बलुची फुफूला. तरी "जोर कर" हे दोघींना एकदम समजायचं. माझी मुलगी आधी झाली. तिचा मुलगा नंतर, थोडा त्रास देऊन. फुफूने दोन्ही मुलं एका पाठोपाठ धुतली. माझ्या मुलीला तिने माझ्याजवळ दिलं आणि म्हणाली, "ही जगनार बघ." मी रडले. पहिल्या वेळी हे कोणी म्हणालं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टर आले. दोन्ही खाटांकडे पाहून दारातच थांबले. सिस्टरने नियम सांगितला, की बाळंतिणीच्या सोबतीला एक बाई असू शकते.

"मग यांच्यातली सोबतीण कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोघी एकमेकींच्या," फुफू म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घातली. हसले की काय ते मला दिसलं नाही. त्यांनी दोन्ही मुलं तपासली आणि आमच्या दोघींच्या नाड्या पाहिल्या. आम्ही दोघी घरी जाईपर्यंत त्या खोलीतच राहिलो. कोणी उठवायला आलं नाही.

याचा परिणाम काय झाला ते सरळ सांगते. नियम बदलला नाही. पण त्यानंतर खालच्या लाईनीतली बाई बाळंत व्हायची असली की सिस्टर मधल्या लाईनीतली कोणी 'आजारी' शोधायची, तिला गार खोलीत ठेवायची आणि ती बाळंतीण तिची सोबतीण म्हणून आत यायची. काही बायका आनंदाने आजारी पडायच्या. काहींना ते मुळीच आवडलं नाही. "आता खालच्या सगळ्या येतील, मग आपल्याला जागा कुठली?" असं पाणवठ्यावरच्या नळाशी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बोळात ज्या माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, त्यांतल्या दोघींनी आमच्याकडे ताट पाठवणं बंद केलं. वहिनींनी तसं केलं नाही. त्या माझ्यासाठी अळिवाची खीर घेऊन आल्या आणि फुफूच्या हातात वाटी देताना खाली वाकून तिच्या पाया पडल्या. फुफूला ती रीत माहीत नव्हती. तिला वाटलं वहिनींचं काही खाली पडलं, म्हणून तीही वाकून शोधायला लागली.

वर्षअखेरीला ह्यांचा करार संपला आणि कंपनीने तो पुढे वाढवला नाही. कारण दिलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही. मला वाटलं, आता हे फुफूचं नाव काढतील. सामान बांधताना ते एवढंच म्हणाले, "स्टोअरमध्ये मला कधीच बरं वाटलं नाही. धूळ फार." मग फहाहीलला एका कुवेती माणसाच्या किराणा दुकानात ते भागीदार झाले. मजूर, कारकून, कधी एखादा गोराही, सगळे एकाच गल्ल्यापाशी उभे राहायचे. ह्यांना ते आवडायचं. पण सगळ्यांना सारख्याच आवाजात बोलायचे असं नाही म्हणता येणार. गोरा आला की हे अजूनही उठून उभे राहायचे. ती सवय गेली नाही.

फुफू मात्र आम्ही कॅम्प सोडण्याआधीच परत गेली. आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा ह्यांनी तिला फार विनवलं.

"तिथे काय राहिलंय तुझं? घर घेणारच ते. मुलगा तिथे नाही. इथे राहा, ही मुलगी तुझीच आहे."

"घर घेतील ते खरा," फुफू म्हणाली. "पन गल्लीत किती बाया पोटुशी हायत, त्यांचा कोन बघेल?" मग माझ्या मुलीच्या कपाळावर तिने ओठ टेकवले, मला जवळ घेतलं आणि बूट वाजवत चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. आमच्यात वळून बघणं अशुभ मानतात, ते तिच्या बापाने तिला शिकवलं असणार.

माझी दोन मुलं नंतर कुवेत सरकारच्या दवाखान्यात झाली. तिथे सगळ्यांना एकच दार होतं आणि गारवाही सगळीकडे. तरी कोणाला आधी विचारतात, कोणाला हाताने खूण करून बसवतात, हे मला दिसत राहायचं. ते बघायची सवय फुफूने लावली आणि ती सवय मला पुढे कधी सोडता आली नाही. मुलांना मी हे सांगायला गेले की ती इंग्रजीत म्हणायची, आई, तसं काही नसतं. मी वाद घालत नसे.

साठचं दशक संपत आलं तेव्हा हे हजला गेले. तिथे केपहून आलेल्या हाजींचा तंबू शोधत फिरले आणि त्यांना फुफूच्या गल्लीतला एक शिंपी भेटला. त्याने सांगितलं, गल्लीतली घरं पाडायला घेतलीत. मशीद तेवढी पाडलेली नाही. लोकांना शहराबाहेर वाळूच्या माळावर नेऊन टाकलं, फुफूलाही. तिचा मुलगा टांझानियात आहे, जिवंत आहे, पण त्याला परत येता येत नाही.

ह्यांनी विचारलं, "आणि ती काय करते?"

"बालंतपनं," शिंपी म्हणाला. "त्या मालावर दवाखाना लांब हाय. काल्यांच्या वस्तीतसुद्धा जाते. तिकडं जायला तिला परवानगी नाय. पकडली की सोडवून आनायला आमाला जावा लागते."

हे घरी आले, इहराम, हजचं ते पांढरं वस्त्र, घडी करून कपाटात ठेवला आणि मला हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "मी तेव्हा ताटावरून उठायला नको होतं." मी त्यांना जेवायला वाढलं.